गुन्हेतपासाच्या अध्यापनात शब्दाचे स्थान

१

गुन्ह्याच्या शास्त्रीय तपासाचा अभ्यास हा आपल्याकडे आता महाविद्यालयीन शिक्षणाचा एक स्थिर विभाग झाला आहे. सागर विद्यापीठाने १९५९ साली या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा तो एक अपवाद होता. आज मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय संस्था या विषयाच्या पदव्या देत आहेत. २०२० च्या अधिनियमाने तर या एका विषयासाठी राष्ट्रीय स्वरूपाचे विद्यापीठच स्थापन झाले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६ व्या कलमान्वये, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद झाली असून ती लागू करण्यास राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तेव्हा या पदवीधरांची गरज वाढत जाणार हे उघड आहे. अशा वेळी हा विषय शिकविला जातो म्हणजे नेमके काय शिकविले जाते, याची चिकित्सा करणे अप्रस्तुत ठरू नये.

प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आलेल्या अभ्यासक्रमांत पुढील विषय आढळतात: घटनास्थळाची पाहणी, रसायन व विषशास्त्र, रक्तपरीक्षा आणि डीएनए, बोटांचे ठसे, शस्त्रे व गोळ्या, वादग्रस्त दस्तऐवज, संगणकीय पुरावा, मानसशास्त्राचा काही भाग आणि कायद्याची तोंडओळख. यांपैकी एकही विषय अनावश्यक नाही. परंतु हे सर्व ज्या एका माध्यमातून न्यायासनापर्यंत पोहोचते, त्या भाषेचा विचार या मांडणीत कोठेच आढळत नाही. भाषा ही जणू पुरावा वाहून नेणारी पिशवी आहे, आणि पिशवीची तपासणी करण्याचे कारण नाही, असे येथे गृहीत धरलेले असते. हे गृहीतच सदोष आहे, आणि त्या दोषाची किंमत प्रसंगी माणसाच्या प्राणांनी मोजावी लागते, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

विषयाच्या नावापासूनच आरंभ करता येईल. महाराष्ट्र शासनाच्या प्रयोगशाळा 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' या नावाने ओळखल्या जातात. 'न्यायसहायक' हा शब्द अर्थवाही आहे यात शंका नाही. परंतु ज्या 'फॉरेन्सिक' या शब्दाच्या जागी तो योजला गेला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधील 'फोरम' म्हणजे चव्हाटा, सभास्थान हा शब्द आहे. भर सभेत वादी-प्रतिवादींनी जे बोलायचे ते फॉरेन्सिक. म्हणजे मुळात हे नाव पदार्थपरीक्षेचे नसून वक्तव्याचे होते. मराठी प्रतिशब्दात साहाय्य आले, सभा गेली आणि तिच्याबरोबर बोलणेही गेले. हा केवळ शब्दाचा अपघात असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पण शास्त्राची वाटचालही त्याच दिशेने झालेली दिसते.

२

प्राचीन भारतीय विचारात वस्तू आणि वाक्य यांची अशी फारकत नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील 'कण्टकशोधन' या चौथ्या अधिकरणात 'आशुमृतकपरीक्षा' म्हणजे अकस्मात मेलेल्याच्या शवाची परीक्षा हा सातवा अध्याय आहे, आणि त्याला लागूनच 'वाक्यकर्मानुयोग' हा आठवा. पहिल्यात देहावरील खुणा वाचावयाच्या, दुसऱ्यात संशयिताचे बोलणे. या दुसऱ्या अध्यायात छळाच्या प्रकारांचीही नोंद असल्यामुळे त्याचा गौरव करण्याचे प्रयोजन नाही. परंतु देहाची परीक्षा आणि वाक्याची परीक्षा ही एकाच शोधाची दोन अंगे आहेत, ही जाण त्या रचनेत निश्चित आहे.

आधुनिक गुन्हेतपासशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, तो ऑस्ट्रियातील दंडाधिकारी हान्स ग्रोस याच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या हस्तपुस्तकात पावलांचे ठसे, रक्ताचे डाग, शस्त्रे यांचे विवेचन आहेच. पण साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत आणि गुन्हेगारांची सांकेतिक बोली कशी ओळखावी, यांनाही त्याने स्वतंत्र जागा दिली आहे. या ग्रंथाचा जॉन अ‍ॅडम व जे. कॉलियर अ‍ॅडम यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९०६ साली मद्रास येथे प्रसिद्ध झाला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्रजी जाणणाऱ्या जगाला हा ग्रंथ हिंदुस्थानातील न्यायव्यवहाराच्या गरजेतून मिळाला.

ग्रोसने एक विचार आग्रहाने मांडला होता: माणसाची साक्ष चंचल असते, वस्तूचा पुरावा स्थिर असतो, म्हणून शास्त्राची प्रगती होईल तसतसे वस्तूचे महत्त्व वाढेल. पुढच्या पिढीने या विचाराचा एकच अर्धा भाग उचलला. १९०९ साली लोझान विद्यापीठात राइस याने काढलेली संस्था आणि १९१० साली लियाँ येथे एडमाँ लोकार याने सुरू केलेली प्रयोगशाळा यांनी छायाचित्रण, रसायन आणि सूक्ष्मदर्शक यांच्या बळावर विषयाला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. ही कामगिरी फार मोठी होय. परंतु साक्ष चंचल असते म्हणून ती अधिक बारकाईने तपासली पाहिजे, असा निष्कर्ष काढण्याऐवजी, ती चंचल असते म्हणून ती शास्त्राच्या कक्षेबाहेरची आहे, असा निष्कर्ष नकळत रूढ झाला. आजचा आपला अभ्यासक्रम याच परंपरेतून आलेला आहे.

३

या उपेक्षेचे परिणाम कसे होतात, हे लंडनच्या दोन खटल्यांवरून स्पष्ट होईल. रिलिंग्टन प्लेस येथे राहणारा टिमथी एव्हन्स हा जेमतेम लिहिता-वाचता येणारा तरुण. पत्नी व तान्ही मुलगी यांच्या मृत्यूच्या प्रकरणात १९४९ च्या अखेरीस त्याने पोलिसांपुढे अनेक निवेदने दिली. ती परस्परविरोधी होती. मुलीच्या खुनाबद्दल त्याला दोषी ठरविण्यात येऊन ९ मार्च १९५० रोजी फाशी देण्यात आले. तीन वर्षांनी त्याच घरात राहणारा जॉन ख्रिस्टी हा अनेक स्त्रियांचा खुनी असल्याचे उघड झाले. एव्हन्सला १९६६ साली मरणोत्तर माफी मिळाली. यान स्वार्त्विक या स्वीडिश भाषाशास्त्रज्ञाने १९६८ साली या निवेदनांवर एक छोटासा प्रबंध प्रसिद्ध केला. निवेदनांतील वादग्रस्त, म्हणजे एव्हन्सला गुन्ह्यात गुंतविणारे परिच्छेद आणि उरलेले परिच्छेद यांत वाक्ये जोडण्याची पद्धत वेगळी आहे, असे त्याला दिसून आले. सामग्री थोडी असल्याने त्याने आपले निष्कर्ष सावधपणेच मांडले. न्यायसहायक भाषाशास्त्र हे नाव या प्रबंधामुळे रूढ झाले. मात्र ज्याच्यासाठी ही तपासणी हवी होती, तो तोपर्यंत अठरा वर्षांपूर्वीच फाशी गेला होता.

दुसरे उदाहरण डेरेक बेंटली याचे. २८ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याला फाशी झाली. त्याचे निवेदन त्याने स्वतः, कोणीही प्रश्न न विचारता, सलग सांगितले असे पोलिसांचे म्हणणे होते. माल्कम कोल्थार्ड यांनी पुढे या ५८२ शब्दांच्या निवेदनाची परीक्षा केली. 'नंतर' या अर्थाचा एक साधा इंग्रजी शब्द त्यात दर ५८ शब्दांमागे एकदा आला होता. सामान्य साक्षीदारांच्या निवेदनांच्या नमुन्यात त्याचे प्रमाण ९३० शब्दांमागे एक, तर पोलिसांच्या निवेदनांत ७८ शब्दांमागे एक असे आढळले. शिवाय तो शब्द कर्त्याच्या मागून ठेवण्याची लकबही पोलिसी लिखाणाची होती. १९९८ साली बेंटलीची दोषसिद्धी रद्द झाली. तिचे मुख्य कारण मूळ खटल्यातील न्यायाधीशाने पंचांना केलेल्या निरूपणातील दोष हे होते, भाषिक पुरावा नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. तथापि एका क्षुल्लक अव्ययाच्या जागेवरून लेखणी कोणाची होती याचा सुगावा लागू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध होते.

४

आता आपल्या भाषेकडे वळू. वरील दोन्ही अभ्यास इंग्रजीचे आहेत आणि त्यांतील मोजमापे मराठीला जशीच्या तशी लावता येणार नाहीत. मराठीचे प्रश्न मराठीच्या व्याकरणातूनच उभे राहतात.

पोलिसांपुढील जबाब प्रथम पुरुषात लिहिलेला असतो. 'मी', 'माझे', 'मला' ही सर्वनामे साक्षीदाराची; परंतु 'सदर इसम', 'नमूद वेळी', 'त्यावरून मी समक्ष येऊन' ही शब्दकळा लेखनिकाची. वऱ्हाडातील शेतमजूर 'त्यानं मले सांगतलं' असे म्हणतो, तेव्हा कागदावर 'त्याने मला कळविले' असे उतरते. अहिराणी, गोंडी किंवा भिली बोलणाऱ्याच्या बाबतीत तर हे नुसते प्रमाणीकरण नसून भाषांतरच असते, पण ते भाषांतर आहे अशी नोंद प्रत्येक वेळी होतेच असे नाही. शेवटी जबाब वाचून दाखविला व तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, हे ठराविक वाक्य येते, आणि दोन व्यक्तींचे लिखाण एकाच्या नावावर जमा होते.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडते ते पुढे. अशा जबाबाचा उपयोग कायद्याने मुख्यतः साक्षीदाराच्या उलटतपासणीत विसंगती दाखविण्यापुरता मर्यादित केलेला आहे. दोन-चार वर्षांनी साक्षीदार न्यायालयात उभा राहतो आणि स्वतःच्या शब्दांत बोलतो. त्याचे बोलणे जबाबाशी ताडून पाहिले जाते. जेथे फरक आढळेल तेथे तो खोटा ठरतो. हा फरक साक्षीदाराच्या स्मृतीतील आहे, सत्यनिष्ठेतील आहे, की केवळ लेखनिकाच्या आणि त्याच्या शैलीतील आहे, हे ठरविण्याचे शास्त्र आपण कोणालाच शिकविलेले नाही. प्रामाणिक मनुष्य लबाड ठरण्याची आणि लबाड सुटण्याची अशी दोन्ही संकटे येथे एकाच वेळी संभवतात.

क्रियापदांच्या रूपांत हा धोका विशेष आहे. 'तो मागच्या दाराने गेला', 'तो मागच्या दाराने गेला असावा' आणि 'तो मागच्या दाराने गेला म्हणे' या तीन वाक्यांत पाहणे, तर्क करणे आणि ऐकणे असा भेद आहे. मराठी बोलणारा अडाणी मनुष्यही हा भेद अचूक पाळतो. कागदावर मात्र 'तो मागच्या दाराने निघून गेला' एवढेच उरण्याची शक्यता असते. ज्ञानाचा उगम सांगणारी व्याकरणिक खूण गळते, आणि तर्क हा प्रत्यक्षदर्शन होऊन बसतो.

आणखी एक उदाहरण घेऊ. 'मारणे' या धातूचे मराठीत दोन अर्थ आहेत: प्रहार करणे आणि ठार करणे. 'मास्तरांनी मुलाला मारले' यात पहिला अर्थ, 'वाघाने गाय मारली' यात दुसरा. भांडणानंतर धावत आलेला पती शेजाऱ्यापाशी 'मी तिला मारलं' एवढेच बोलतो. शेजारी ते वाक्य साक्षीत सांगतो, आणि ती न्यायबाह्य कबुली म्हणून पुढे येते. पुढे या कागदांचे इंग्रजी भाषांतर होते, आणि भाषांतरकाराला 'प्रहार केला' किंवा 'जीव घेतला' यांपैकी एकाची निवड करावीच लागते. कारण इंग्रजीत दोन्ही अर्थ सांभाळणारे साधे क्रियापद नाही. 'मारून टाकले' असे तो म्हणाला असता तर प्रश्न मिटला असता. पण तो तसे म्हणाला नव्हता. भाषांतरकार येथे नकळत निर्णय देत असतो, आणि त्या निर्णयाविरुद्ध अपील नसते.

५

पंचनाम्याची भाषा हा तर स्वतंत्र संशोधनाचा विषय होण्याजोगा आहे. संस्कृत 'पंच' आणि फारसी 'नामा' यांच्या संयोगाने झालेला हा शब्द मराठी माणसाने रोजच्या बोलण्यातही उचलला. एखाद्याच्या कर्तृत्वाची उघड चिरफाड केली की 'त्याचा पंचनामा केला' असे आपण म्हणतो. म्हणजे लोकांच्या कल्पनेत पंचनामा हा निर्भीड आणि तपशीलवार असतो. प्रत्यक्षातील पंचनाम्याचे व्याकरण नेमके याच्या उलट आहे.

'झडती घेतली असता मुद्देमाल मिळून आला' हे त्यातील प्रातिनिधिक वाक्य. झडती कोणी घेतली? कपाट कोणी उघडले? वस्तू प्रथम कोणाच्या दृष्टीस पडली? 'मिळून येणे' या संयुक्त क्रियापदाला शोधणारा लागतच नाही. वस्तू आपल्या पायांनी चालत यावी तशी ती मिळून येते. 'ताब्यात घेण्यात आले', 'मोहोरबंद करण्यात आले' ही कर्मणी रचनाही कर्त्याला पडद्याआड ठेवते. पुराव्याची साखळी अखंड राहिली पाहिजे, वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली याची नोंद हवी, हे आपण विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी सांगतो. त्या साखळीतील प्रत्येक कडी म्हणजे एक कर्ता होय, आणि रूढ पंचनामा नेमका कर्ताच वगळतो, हे मात्र सांगत नाही.

दुसरा दोष निरीक्षण आणि अनुमान यांच्या सरमिसळीचा. फरशीवर 'रक्ताचे डाग' दिसले, असे पंच लिहून देतात. डाग लालसर तपकिरी होते एवढेच त्यांना दिसले. रक्त दिसले नाही. तो डाग रक्ताचा असू शकतो हे प्राथमिक रासायनिक चाचणीने कळते, रक्ताचाच आहे हे निश्चायक चाचणीने, आणि माणसाचा आहे हे त्याहून पुढच्या परीक्षेने. विद्यार्थी प्रयोगशाळेत या पायऱ्या पाठ करतो. परंतु पंचनाम्यातील एका षष्ठी विभक्तीने या तिन्ही पायऱ्या आधीच ओलांडलेल्या असतात. 'रक्तासारखे दिसणारे डाग' असे लिहिण्यास एकच शब्द अधिक लागतो. पण प्रयोगशाळेचे सारे काम त्या एका शब्दाच्या अवकाशातच चालते.

तिसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही. परंतु त्याच्या सांगण्यावरून काही गोष्ट उघडकीस आली, तर तिच्याशी स्पष्टपणे निगडित असलेला सांगण्याचा भाग ग्राह्य धरला जातो. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या २७ व्या कलमातील हा नियम २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात २३ व्या कलमाखाली आला आहे. त्याचा अर्थ पुलुकुरी कोट्टय्या यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४६ च्या डिसेंबरात निश्चित केला. निकालपत्र पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती असलेल्या सर जॉन ब्यूमाँट यांचे होते. त्याचा आशय असा: घराच्या छपरात लपवलेला चाकू काढून देतो, हे सांगणे ग्राह्य, त्याच चाकूने मी अमक्याला भोसकले, ही पुस्ती मात्र अग्राह्य.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा नियम म्हणजे वाक्याची शस्त्रक्रिया होय. इंग्रजीत ती सुलभ आहे, कारण भोसकण्याचा उल्लेख करणारे गौणवाक्य नामाच्या मागून येते आणि शेपटासारखे छाटता येते. मराठीत काय होते? 'मी त्याला भोसकलेला चाकू माझ्या घराच्या छपरात लपवून ठेवला आहे.' येथे गुन्ह्याची कबुली धातुसाधित विशेषणाच्या रूपाने नामाच्या पुढे, वाक्याच्या आरंभीच येऊन बसली आहे. ती काढावयाची तर वाक्याचे तोंडच काढावे लागते, आणि 'चाकू' या शब्दावर तिची छाया तरीही उरते. त्याहून अवघड स्थिती 'गुन्ह्यात वापरलेले हत्यार काढून देतो' या वाक्याची. यात कोणी वापरले हे सांगितलेले नाही, म्हणून ते निरुपद्रवी भासते; पण 'गुन्ह्यात' हा शब्द आरोपीचा की लेखनिकाचा? माणूस आपल्या बोलण्यात 'तो कोयता' किंवा 'ती कुऱ्हाड' म्हणेल. 'गुन्ह्यात वापरलेले हत्यार' हे नामकरण तपासाच्या दप्तरातले आहे. कायद्याने जी कबुली दारातून आत घेण्यास मनाई केली, ती विशेषणाच्या खिडकीतून आत येते.

६

तज्ज्ञाच्या अभिप्रायाची भाषा हा तिसरा टप्पा. येथे तरी यंत्राचे राज्य असेल, अशी आपली समजूत असते. अमेरिकेतील अनुभव वेगळे सांगतो. तेथील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या विद्यमाने २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालाने दाखवून दिले की, डीएनए सोडल्यास दुसरी कोणतीही पद्धत एखादा पुरावा अमुक एका व्यक्तीचाच आहे असे निश्चितपणे सांगू शकते, हे कठोर कसोट्यांनी सिद्ध झालेले नाही. पुढे २०१५ साली तेथील केंद्रीय तपास संस्थेनेच जाहीर केले की, सूक्ष्मदर्शकाखाली केसांची तुलना करून दिलेल्या ज्या साक्षी तोवर फेरतपासल्या होत्या, त्यांतील किमान ९० टक्के नोंदींत चुकीची विधाने होती. या चुकीचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. तपासणाऱ्यांनी काचेखाली दिसले त्यापेक्षा अधिक सांगितले. साम्याच्या जागी ऐक्य आणि शक्यतेच्या जागी खात्री ठेवली. चूक भिंगापेक्षा वाक्यात अधिक होती.

मराठीत 'जुळतो', 'मिळताजुळता आहे', 'त्याचाच आहे', 'त्याचा असू शकतो', 'त्याचा नाही असे म्हणता येत नाही' ही पाच वाक्ये खात्रीच्या पाच वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. परंतु यांपैकी कोणते केव्हा वापरावे याचा संकेत ठरलेला नाही. विद्यार्थी इंग्रजीत शिकतो, अभिप्राय बहुधा इंग्रजीत लिहितो. पण तालुक्याच्या न्यायालयात त्याला तो मराठीतून समजावून सांगावा लागतो. तेव्हा त्याच्या तोंडी 'जुळतो' हा शब्द येतो, आणि ऐकणारा 'तोच आहे' असे समजतो. चावी कुलपाला जुळते त्या अर्थाने त्याने तो घेतलेला असतो.

वादग्रस्त दस्तऐवजांच्या अध्यापनात परावलंबन आणखी उघड दिसते. या शाखेचा पाया आल्बर्ट ऑस्बर्न याच्या १९१० च्या ग्रंथाने घातला, आणि त्यातील विवेचन स्वाभाविकच रोमन लिपीचे आहे. देवनागरी हस्ताक्षरात पाहावयाच्या गोष्टी वेगळ्या आहेत: शिरोरेषा अक्षराआधी ओढली की शब्द पुरा झाल्यावर, की गाळली, वेलांटी वरून खाली आली की खालून वर, रफार आणि अनुस्वार यांची जागा, 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे की हिंदी. जुन्या कागदांत तर लेखणी न उचलता लिहिलेली मोडी समोर येते. तिच्यात अक्षरे एकमेकांत गुंतलेली असल्यामुळे सुट्या अक्षराची तुलना हेच सूत्र लंगडे पडते. शुद्धलेखनाचा इतिहासही येथे साक्षीदार होऊ शकतो. १९६२ च्या नियमांनंतर उच्चारात नसलेले, व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार लेखनातून गेले. म्हणून १९४५ चे म्हणून पुढे केलेले, सुशिक्षिताच्या हातचे बाळबोध मृत्युपत्र जर आरंभापासून अखेरपर्यंत नव्या वळणाचे असेल, तर परीक्षकाने थबकले पाहिजे. अर्थात अल्पशिक्षितांनी हे अनुस्वार पूर्वीही गाळलेले आहेत. तेव्हा ही शंकेची जागा आहे, सिद्धीची नव्हे. असा विवेक शिकविण्यास मराठीचा अभ्यासक लागतो, आणि तो या वर्गात पाऊल ठेवीत नाही.

७

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो गंभीर आहे. भाषेच्या जाणकारांच्या हाती तपासाची सूत्रे दिली तर अन्याय टळेलच असे नाही. किंबहुना इतिहास उलटे सांगतो. विल्यम स्लीमन याने ठगांच्या सांकेतिक शब्दांचा 'रामासीआना' हा कोश १८३६ साली कलकत्त्यास प्रसिद्ध केला. भारतीय तपासाच्या आरंभकाळातील हे एक महत्त्वाचे साधन कोशरूप असावे, हे भाषाभ्यासकाला सुखावणारे आहे. पण त्या कोशाने शब्दांपेक्षा अधिक काही सिद्ध केल्याचा आव आणला. सांकेतिक बोली आहे, म्हणून एक गुप्त संघटित पंथ आहे, असे अनुमान त्यातून दृढ झाले. व्यापाऱ्यांच्या, दलालांच्या आणि कारागिरांच्याही सांकेतिक बोल्या असतात, ही साधी गोष्ट विसरली गेली. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. १९०८ साली मुंबई इलाख्यातील 'गुन्हेगार वर्गां'विषयी केनेडी याचे जे पुस्तक निघाले, तेही लोकांना जातीवरून आणि राहणीवरून ओळखण्याच्या याच परंपरेतले. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. परंतु एखाद्याच्या बोलण्याच्या ढबीवरून त्याला 'सराईत' ठरविण्याची वृत्ती कायद्याबरोबर रद्द झाली असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

म्हणून हा आक्षेप मान्य करूनच पुढे गेले पाहिजे. भाषेचे अर्धवट ज्ञान हे अज्ञानापेक्षा घातक असते, कारण त्याला शास्त्राचा वेष चढविता येतो. स्लीमनच्या मार्गात बोलीवरून बोलणाऱ्याचा स्वभाव ठरविला जातो. आम्हाला अभिप्रेत असलेला मार्ग याच्या अगदी विरुद्ध आहे. त्यात संशय बोलणाऱ्यावर घ्यावयाचा नसून नोंदीवर घ्यावयाचा आहे. हे वाक्य कोणाचे, ते कोणत्या प्रश्नाच्या उत्तरात आले, त्यातील कोणते शब्द मध्यस्थाने घातले, एवढेच विचारावयाचे आहे. आरोपीचा आवाज आणि त्याच्यावर चढविलेला आवाज यांत अंतर किती, हे मोजणे म्हणजे दुर्बळाच्या बाजूने केलेली परीक्षा होय.

८

या दृष्टीने काय करता येईल, याचा थोडक्यात निर्देश करून हे विवेचन पुरे करू. पहिली गोष्ट म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमात नोंदीच्या भाषेची एक सक्तीची अभ्यासपत्रिका असावी. तिच्यात जबाब, पंचनामा आणि अभिप्राय या तीन लेखनप्रकारांचे व्याकरण शिकविले जावे. ऐकलेले संभाषण जसेच्या तसे लिहून घेण्याचा, पाहिलेल्या खोलीचे वर्णन एकही अनुमान न करता लिहिण्याचा, आणि प्रत्येक क्रियेला कर्ता देण्याचा सराव तिच्यात असावा. हे सराव दिसतात तितके सोपे नाहीत. 'खोली अस्ताव्यस्त होती' या वाक्यातही एक निर्णय दडलेला आहे, हे उमजण्यास काही काळ जावा लागतो.

दुसरी गोष्ट, खात्रीच्या पायऱ्या दाखविणाऱ्या मराठी वाक्यांचा एक प्रमाणित संच प्रयोगशाळा, विधिज्ञ आणि भाषाभ्यासक यांनी एकत्र बसून ठरवावा. परिभाषाकोशांनी आपल्याला नामे पुष्कळ दिली. येथे गरज क्रियापदांची आहे.

तिसरी गोष्ट संशोधनाची, आणि म्हणून या पत्रिकेच्या वाचकांना अधिक जवळची. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्ती यांचे दृक्श्राव्य चित्रण आवश्यक केले आहे. याचा अर्थ असा की, लेखी पंचनामा आणि त्याच प्रसंगी प्रत्यक्ष बोलले गेलेले शब्द ही दोन्ही आता जोडीने उपलब्ध होत जातील. बोलणे आणि नोंद यांतील जे अंतर आजवर तर्काने सांगावे लागत होते, ते मोजता येण्याची ही पहिलीच संधी आहे. न्यायालयांची अनुमती घेऊन, निकाली प्रकरणांतील नावे-गावे वगळून, अशा जोड्यांचा एक संग्रह सिद्ध झाला, तर 'मिळून आला' याच्या मागे प्रत्यक्षात काय घडते, 'असावा' किती वेळा गळतो, कोणत्या बोलीच्या साक्षीदाराचे शब्द सर्वांत अधिक बदलले जातात, या प्रश्नांना साधार उत्तरे मिळतील. मराठी आणि भाषाशास्त्र या विभागांनी हे काम आपले मानले पाहिजे. ते परके आहे अशा समजुतीने आजवर आपणही त्यापासून दूर राहिलो आहोत, आणि दोष केवळ प्रयोगशाळांचा नाही.

रक्ताच्या थेंबाची परीक्षा करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण शिकवितो की, नमुना दूषित झाला असेल तर उत्तम यंत्रही खोटे उत्तर देईल. शब्द हाही नमुनाच आहे. तो गोळा करताना दूषित होतो, एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बदलतो, आणि एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेताना त्याचा काही अंश सांडतो. कटघऱ्यात उभ्या असलेल्या माणसापाशी आपल्या बाजूने सांगण्यासारखे बहुधा त्याचे शब्दच असतात. ते त्याचेच आहेत की नाहीत, एवढी तपासणी तरी त्याला आपल्या विद्यापीठांकडून मिळावी.